मोर्चातली पोरं आणि टेम्पोवाले मोठे
भोरला किंवा वेल्ह्यात तहसील कचेरीवर मोर्चा निघाला, की दहावी-बारावीची पोरंही झेंडे घेऊन त्यात दिसतात. घोषणा देणं काही गुन्हा नाही. १९४२ साली नंदुरबारला गोळीबारात हुतात्मा झालेला शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता.

दगड उचलला, की गोष्ट बदलते. २०१५चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवू देत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळ दंड आईवडिलांनाही भरायला लावू शकतं. आणि पोरांना बेकायदा कामाला जुंपणाऱ्या मोठ्यांचं काय? कलम ८३ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वर पाच लाख रुपये दंड. टेम्पोत पोरं भरताना हे कलम बहुधा कुणाला आठवत नसावं.