नुसता आकडा मुका असतो

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, संगणकाचा प्रोग्राम लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच, कधी कधी त्याहूनही जास्त, लिहिलेल्यातली चूक शोधायला लागतो. या शोधाला डीबगिंग म्हणतात. त्यासाठी आज नाना साधने उपलब्ध आहेत. तरीही एक जुना, साधा उपाय नवशिक्यापासून मुरलेल्या प्रोग्रामरपर्यंत सगळेच वापरतात. प्रोग्राम चालू असताना मधल्या टप्प्यांवरचे आकडे पडद्यावर छापून बघायचे. हिशेब कुठवर बरोबर होता आणि कुठे घसरला, हे त्यावरून समजते. मला आज बोलायचे आहे ते या उपायातल्या एका लहानशा सवयीबद्दल. आकडा छापताना त्याचे नावही छापावे, एवढीच ती सवय.

नाव कशाचे? प्रोग्राममध्ये प्रत्येक किंमत कुठल्या ना कुठल्या नावाखाली ठेवलेली असते. मुद्दल, व्याजदर, हप्त्यांची संख्या वगैरे. शाळेच्या बीजगणितात आपण ‘क्ष’ म्हणायचो, तसेच हे. याला चल किंवा व्हेरिएबल म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या पतसंस्थेसाठी कर्जाचा हप्ता काढणारा प्रोग्राम लिहिला आहे. कर्ज एक लाख रुपये, व्याज वर्षाला १२ टक्के, फेड बारा समान मासिक हप्त्यांत. घटत्या शिलकीवर व्याज धरले तर हप्ता ८,८८४ रुपये ८८ पैसे यायला हवा. प्रोग्राम मात्र १६,१४३ रुपये ६८ पैसे सांगतो. ही चूक सापडली नाही, तर कर्जदाराच्या खिशातून वर्षभरात ८७ हजारांहून जास्त रुपये नाहक जातील.

प्रोग्रामर आतले आकडे छापून बघतो. पडद्यावर उमटते : १०००००, १२, ०.१२, १२. तो मान डोलावतो. लाख बरोबर. बारा टक्के बरोबर. बारा टक्के म्हणजे शंभरात बारा, अर्थात ०.१२, तेही बरोबर. हप्ते बारा. सगळे ठीक दिसते आणि तो चूक भलतीकडेच शोधू लागतो.

आता हेच आकडे नावांसह छापू. मुद्दल = १०००००. वार्षिक दर = १२. मासिक दर = ०.१२. हप्ते = १२. तिसऱ्या नावाशी डोळा अडखळतो. मासिक दर ०.१२? म्हणजे महिन्याला बारा टक्के! तो ०.०१ हवा होता. वार्षिक दराला बाराने भागायचे राहून गेले आहे.

आकडे तेच होते, एकही बदलला नाही. नाव शेजारी आल्याबरोबर चूक दिसली. व्हेरिएबलचे नाव हा प्रोग्रामरने केलेला दावा असतो आणि किंमत ही यंत्राने दिलेली साक्ष. दोघांना समोरासमोर उभे केल्याशिवाय विसंगती कशी कळणार?

कुणी विचारील, की संगणक स्वतःहून नाव का सांगत नाही? याचे कारण गमतीचे आहे. नाव ही मुख्यतः माणसाची सोय आहे. छापण्याच्या आज्ञेला आपण ‘मासिक दर छाप’ असे सांगतो, तेव्हा तिच्या हाती फक्त ०.१२ ही किंमत पोहोचते. पाकिटातले पत्र मिळावे आणि पाकीट वाटेतच गळून पडावे, तसे. सी सारख्या भाषेत तर प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर होताना नावांच्या जागी स्मृतीतल्या जागा येतात.

मग नाव हाताने लिहावे लागते आणि तिथे दुसरा धोका आहे. घाईत जुनी ओळ उचलून खाली चिकटवली, आतले व्हेरिएबल बदलले, पण बाहेरचे लेबल तसेच राहिले. आता पडदा ‘मुद्दल’ म्हणतो आणि दाखवतो व्याज. मिठाच्या बरणीवर साखरेची चिठ्ठी! बिनचिठ्ठीची बरणी निदान उघडून चाखून तरी बघतात.

म्हणून नाव आणि किंमत एकाच ठिकाणाहून यावीत, अशी सोय भाषांनीच करून दिली. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित आवृत्तीत एक चिन्ह आहे. त्याच्या मदतीने लिहिलेल्या नावाचाच मजकूर करून छापता येतो. रस्ट भाषेत जानेवारी २०१९ पासून ‘डीबीजी’ नावाची सोय आहे. ती नाव आणि किंमत तर देतेच, शिवाय फाइल आणि ओळीचा क्रमांकही देते. पायथनच्या ऑक्टोबर २०१९ मधल्या ३.८ या आवृत्तीपासून महिरपी कंसात नावापुढे नुसते बरोबरचे चिन्ह दिले, की दोन्ही छापले जाते. मजकूर असेल तर तो अवतरणचिन्हांत येतो. त्यामुळे ‘पुणे’ या शब्दामागे चुकून राहिलेली रिकामी जागासुद्धा दिसते.

ही शिस्त जुनीच आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मार्क २ या संगणकाच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. ‘बग’ हा शब्द त्याआधीपासूनच वापरात होता. पण तो पतंग नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला म्हणून ही गोष्ट प्रसिद्ध झाली. मला त्यातले विशेष वाटते ते वेगळेच. त्या नोंदीत वेळ आहे आणि पॅनेल एफ, रिले क्रमांक ७० असा पत्ताही आहे. काय सापडले, याबरोबर कुठे आणि केव्हा सापडले, हे लिहिले आहे.

नावाबरोबर एककही हवे. ‘नासा’चे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताना गमावले गेले. जमिनीवरच्या एका प्रोग्रामने यानाला मिळणाऱ्या रेट्याचे आकडे पाउंड-सेकंदात दिले आणि ते वापरणाऱ्या प्रोग्रामने ते न्यूटन-सेकंदात आहेत असे धरले. या दोन एककांत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. म्हणून नुसते ‘अंतर’ न म्हणता ‘अंतर किलोमीटर’ म्हणावे, ‘वेळ’ न म्हणता ‘वेळ सेकंद’ म्हणावे.

अर्थात दिसेल ते छापत सुटू नये. हजार ओळींच्या ढिगात नावासह आलेला आकडाही हरवतो. पासवर्ड, खातेक्रमांक अशा गोष्टी तर कधीच छापू नयेत. त्या नोंदींच्या फाइलींत पडून राहतात आणि नको त्याच्या नजरेला पडतात. तिथे नाव जोडले, तर चोराचे काम सोपेच होते.

श्रोत्यांपैकी जी मुले-मुली प्रोग्रामिंग शिकत असतील, त्यांनी एक करून पाहावे. उत्तर चुकले, की लगेच प्रोग्राम बदलायला घेऊ नये. आधी त्यातल्या तीन-चार महत्त्वाच्या किंमती नाव आणि एकक लावून छापाव्यात, आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचावी. ‘मासिक दर शून्य पूर्णांक बारा शतांश’ हे कानावर पडले, की बऱ्याचदा पुढचे शोधावे लागत नाही.