उशाशी बसणारी आणि आपली मायबोली



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आनंदाचेच बोलावे, हा संकेत आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्यांनी दारोदार हिंडून या मंडळाची वर्गणी गोळा केली, त्यांतील कित्येक वडीलधारी मंडळी आज अंथरुणाला खिळली आहेत. मुले दूरदेशी, सुना-लेकी नोकरीत. त्यांच्या शुश्रूषेचा विचार केल्यावाचून हा सोहळा पुरा व्हावयाचा नाही.

येथे कोलकात्यात अशा सेवेसाठी 'आया' मिळते. 'आया सेंटर' बारा-बारा तासांच्या पाळीने तिला पाठविते. अंघोळ घालणे, भरविणे, कूस बदलणे ही तिची कामे; इंजेक्शन किंवा नळीवाटे अन्न देणे हे प्रशिक्षित परिचारिकेचे. पैसे वाचविण्यासाठी एकीचे काम दुसरीकडून करवून घेणे धोक्याचे आहे. तिला ठेवण्यापूर्वी ओळखपत्र पाहावे, पूर्वीच्या घरी चौकशी करावी, पोलिसांत नोंद करावी. पहिले काही दिवस घरातील कोणी जवळ असावे. कूस बदलताना ती आधी सांगते की नुसतीच ओढते, एवढ्यावरून तिच्या मनाची पारख होते.

तथापि आपली अडचण याहून निराळी आहे. उतारवयात स्मृतिभ्रंश जडला की मागाहून शिकलेल्या भाषा बहुधा आधी विरतात. मायबोली तेवढी मागे राहते. चाळीस वर्षे अस्खलित बंगाली बोललेल्या आजी मग मराठीतच विव्हळू लागतात. आया कळवळून विचारते, 'कोष्टो होच्छे?' तिला म्हणावयाचे असते, 'त्रास होतो का?' आजींना त्यात 'कष्ट' म्हणजे श्रम ऐकू येतात. उत्तर भलतेच येते. मग आजी हट्टी ठरतात आणि आया निर्दय. वस्तुतः दोघींमध्ये उणीव असते ती दहा-वीस शब्दांची.

यास्तव आमची सूचना अशी : 'दुखतंय', 'तहान लागली', 'लघवीला जायचंय', 'थंडी वाजते', 'नको' अशा नित्याच्या शब्दांचा तक्ता मंडळाने बंगाली लिपीत छापून घरोघरी द्यावा. अनुभवाने चांगल्या ठरलेल्या आयांची यादी ठेवावी. आयेच्या सुटीच्या दिवशी रुग्णाजवळ दोन तास बसतील अशा सभासदांची पाळी लावावी. मराठीत चार गप्पा मारणे हीही शुश्रूषाच आहे.

पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. परिचर्या हे हलके काम समजले जात असता त्या संस्थेने स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण दिले. त्या परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या आपल्या घरांत आयेचा कप वेगळा ठेवला जावा, हे आपणांस शोभत नाही. तिला वेळेवर पगार, पोटभर जेवण, आठवड्याची सुटी आणि नावाने आदराची हाक मिळाली पाहिजे. तिचा अपमान होतो त्या घरात आपल्या आईला तिने मायेने भरवावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

तक्त्याचे काम याच महिन्यात हाती घेऊ या, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.