घोरणें आणि घोरणारा

घरांत कोणी घोरूं लागला कीं त्याला कुंभकर्ण म्हणून मोकळें व्हावें, अशी आपली रीत आहे. हा किताब मीही कित्येक वर्षें मिरविला. गंमत अशी कीं, साऱ्या घराची झोंप उडविणारा हा आवाज ज्याचा त्याला ऐकूं येत नाहीं. त्यामुळें आरोप खोटा असल्याचें तो शपथेवर सांगतो.

झोंपेंत घशाचे स्नायू सैल पडतात. उताणें निजलें कीं जीभ मागें सरकते, श्वासाची वाट अरुंद होते आणि तींतून जाणाऱ्या हवेनें मऊ टाळू व पडजीभ थरथरूं लागतात. म्हणून कुशीवर निजावें. पण झोंपेंत निश्चय कोठून टिकणार? त्यासाठीं बंडीच्या पाठीला खिसा शिवून त्यांत टेनिसचा चेंडू घालण्याची जुनी युक्ति आहे. उताणें होतांच तो टोंचतो. माझ्या बंडीला पत्नीनें तो खिसा दुहेरी टांक्यानें शिवला! वजन उतरविणें आणि रात्रीचें मद्य टाळणें हे उपाय सर्वांस ठाऊक आहेत. आचरणाचीच काय ती अडचण.

घशाला तालीम देण्याचा मार्ग मात्र मौजेचा आहे. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील प्रयोगांत, झोंपेंत श्वास अडणाऱ्या कांहीं रुग्णांना ऑस्ट्रेलियांतील आदिवासींचें डिजरिडू हें लांब नळीचें वाद्य चार महिने वाजवावयास दिलें. त्यांची दिवसाची पेंग उतरली आणि शेजारी निजणाऱ्यांचा त्रासही. ब्राझीलमधील संशोधकांनीं जीभ टाळूला दाबून मागें सरकविण्यासारखे व्यायाम दिले; २०१५ च्या त्यांच्या वृत्तांताप्रमाणें तीन महिन्यांत घोरण्याचें प्रमाण ३६ टक्क्यांनीं घटलें.

माझ्या चेंडूनेंही आवाज बराच कमी झाला. तरी पत्नी जागीच राही. विचारलें तेव्हां म्हणाली, "घोरतां घोरतां तुमचा श्वासच थांबतो. मग गुदमरल्यासारखे दचकतां. मला त्या शांततेचीच भीति वाटते."

असें होत असेल, किंवा दिवसा बसल्या बसल्या डोळा लागत असेल, तर नुसत्या चेंडूवर विसंबूं नये. हा श्वास अडण्याचा विकार असूं शकतो. त्यानें रक्तदाबही वाढतो. डॉक्टरांकडे जातांना शेजारी निजणाऱ्यालाच बरोबर न्यावें. मी पहिल्या खेपेस एकटाच गेलों आणि "क्वचित् घोरतों" असें सांगून परत आलों. दुसऱ्या खेपेस पत्नी बरोबर आली, आणि डॉक्टरांनीं माझ्याकडे न पाहतां तिलाच प्रश्न विचारण्यास आरंभ केला.