परिचारिका : अतिदक्षता विभागाचा खरा आधार

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



घाटकोपर, मुलुंड, अंधेरी वा बोरिवली येथील धर्मादाय रुग्णालयांत भिंतींवरील संगमरवरी फलक लक्ष वेधून घेतात. कोणी खाट दिली, कोणी डायलिसिसचे यंत्र, कोणी व्हेंटिलेटर. या दातृत्वाचे मोल मोठे आहे. तथापि रात्री तीन वाजता त्या खाटेशेजारी जागी असणाऱ्या परिचारिकेचे नाव त्या फलकांवर नसते. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी तिच्या कार्याचा विचार होणे उचित ठरेल.

अतिदक्षता विभागात पाळी बदलताना आधीची परिचारिका प्रत्येक रुग्णाची स्थिती, चालू औषधे आणि घ्यावयाची काळजी नव्या परिचारिकेच्या हाती सोपवते. त्यानंतर नाडी, रक्तदाब, प्राणवायूचे प्रमाण, किती द्रव शरीरात गेला आणि किती लघवी झाली, याची ठरावीक वेळी नोंद होते. व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या नळीतील कफ ओढून काढणे, त्याचे तोंड स्वच्छ ठेवणे, साधारणतः दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवणे, ही कामे अहोरात्र चालतात. मॉनिटरवरचा आकडा अचानक घसरला, तर रुग्ण खरोखर खालावला की बोटावरचा क्लिप निसटला, हे प्रथम तीच पाहते. कधी आकडे ठीक असतात. पण रुग्णाच्या कपाळावर घाम येतो, बोलणे असंबद्ध होते. हा सूक्ष्म बदल ओळखून ती डॉक्टरांना वेळीच बोलावते. यंत्र केवळ इशारा देते. त्याचा अर्थ लावणारी जाणती दृष्टी तिची असते.

आपत्कालीन विभागातील कसोटी निराळी. ११ जुलै २००६ च्या सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अवघ्या ११ मिनिटांत ७ बॉम्बस्फोट झाले. १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. जोगेश्वरी आणि बोरिवली ही उपनगरेही त्यांत होरपळली. रुळांलगतच्या वस्त्यांतील लोकांनी घरातल्या चादरींचीच झोळी करून जखमींना उचलले. बोरिवलीच्या भगवती रुग्णालयासह अनेक रुग्णालयांत जखमी एकापाठोपाठ येऊ लागले. अशा वेळी मोठ्याने ओरडणारा रुग्ण आधी घ्यावा, की निपचित पडलेला, याचा निर्णय काही क्षणांत करावा लागतो. ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. निपचित पडलेल्याचा कदाचित नसतो. नातलगांचा आक्रोश ऐकत, मन स्थिर ठेवून हा क्रम लावण्यात परिचारिकेचा मोठा वाटा असतो.

सन २०२० च्या महामारीने एक कठोर धडा दिला. गोरेगावचे नेस्को, दहिसर, मुलुंड येथे अल्पावधीत मोठी उपचार केंद्रे उभी राहिली. खाटा आल्या, यंत्रे आली. प्रशिक्षित माणसे मात्र तितक्या वेगाने उभी करता येईनात. त्या वर्षीच्या मे महिन्यात महाराष्ट्र शासनाने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिकांची मागणी केली. तेथून आलेल्या वैद्यकीय पथकाने अंधेरीच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात सेवा दिली. संरक्षक पोशाख चढवल्यावर परिचारिकांना तासन्‌तास पाणीही पिता येत नसे. नातलगांना प्रवेश नसल्याने अनेक रुग्णांचे आप्तांशी अखेरचे बोलणे परिचारिकेने धरलेल्या फोनवरूनच झाले.

व्यापारी मंडळींना हिशेब लवकर पटतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका खाटेमागे एक परिचारिका असावी. दहा खाटांसाठी तीन पाळ्यांत ३०, आणि रजा व सुट्ट्यांसाठी ३० टक्के राखीव धरल्यास ९, एकूण ३९. म्हणजे दहा खाटांचे दान दिल्यावरही ३९ परिचारिकांच्या वेतनाची, विश्रांतीची आणि निवासाची तजवीज शिल्लक राहते. यंत्राची खरेदी एकदाच होते. हा खर्च दरमहा येतो. तो कमी केला, तर एकीच्या अंगावर तीन-चार अत्यवस्थ रुग्ण पडतात आणि चूक होण्याचा धोका वाढतो.

परिचर्या किती उंची गाठू शकते, याचे उदाहरण याच महानगरात घडले. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. इतका प्रदीर्घ काळ अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण झाले नव्हते, याची दखल सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही आहे. बरे होण्याची आशा नसताना केलेली ही सेवा होय. वैयावृत्त्याला अंतरंग तप मानणाऱ्या समाजाला तिची थोरवी निराळी सांगावी लागू नये.

मग एक प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. मुलीने डॉक्टर वा सीए होण्याचा मनोदय सांगितला, तर पेढे वाटले जातात. तिने चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम निवडला, तर घरात कोणती चर्चा होईल? ज्या हातांवर आई-वडिलांचा जीव सोपवायचा, त्या हातांचा व्यवसाय आपल्या लेकीसाठी कमी प्रतीचा कसा ठरतो?

समाजाने आता तीन गोष्टी अवश्य कराव्यात. नव्या यंत्रासाठी देणगी देताना ते चालवणाऱ्या परिचारिकांच्या वेतनासाठीही कायम निधी ठेवावा. गरजू विद्यार्थिनींना, त्या कोणत्याही समाजाच्या असोत, परिचर्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी. आणि रुग्णाला भेटावयास जाताना दहा जणांनी गर्दी न करता, एकानेच सर्वांच्या वतीने विचारपूस करावी. निघताना कर्तव्यावरील सिस्टरला दोन आदराचे शब्द बोलावेत. शेवटच्या गोष्टीस एक रुपयाही लागत नाही. तिचा प्रारंभ आजपासूनच व्हावा.

जय जिनेंद्र.