यादीला किंमत केव्हा येते?

(गणेशोत्सवानिमित्त युवक-युवतींसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी रुळांचा माणूस. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो. संगणकाच्या धंद्यावर मी काय बोलणार, असे कार्यकर्त्यांना म्हटलेही. पण आपल्या कॉलनीतल्या एका मुलाने ‘नो-कोड’ साधनांची, म्हणजे प्रोग्रॅमिंग न येताही ज्यांतून अ‍ॅप किंवा संकेतस्थळ बनवता येते त्यांची, दोनशे नावांची यादी केली आहे. तिच्या भरवशावर तो नोकरी सोडायला निघाला आहे. घरात अबोला आहे. अशा यादीतून पोट भरते का, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात असेच काहीतरी चालू असते.

यादी विकून पैसे मिळतात, यात शंका नको. आमच्याच खात्याचा दाखला घ्या. १८३९ साली इंग्लंडात जॉर्ज ब्रॅडशॉ या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांच्या गाड्यांच्या वेळा एका पुस्तिकेत छापल्या. वेळा कंपन्यांच्याच होत्या, गुपित काही नव्हते. तरी ते प्रकाशन १९६१ पर्यंत चालले. लोक पैसे देत होते ते चालू वेळा एका जागी मिळाव्यात म्हणून. मागच्या वर्षीचे ब्रॅडशॉ हातात घेऊन स्टेशनवर जाणाऱ्याची गाडी चुकणारच.

नो-कोडच्या यादीचे तर त्याहून कठीण. गूगलचे ‘अ‍ॅप मेकर’ २०२१ च्या जानेवारीत बंद झाले. अ‍ॅमेझॉनचे ‘हनीकोड’ २०२० मध्ये आले आणि २०२४ मध्ये गुंडाळले गेले. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, तर लहानांचे विचारू नका. कोणाची फुकटची योजना बंद होते, कोणी दर बदलतो. आमच्या पर्मनंट वे मॅन्युअलला करेक्शन स्लिपा निघतात. त्या न चिकटवलेली प्रत कपाटात कितीही शोभून दिसली, तरी मी तिच्यावर विसंबून गँगला काम सांगणार नाही.

आता थोडा हिशेब करू. एक साधन उघडून, दर पाहून, वापरून तपासायला वीस मिनिटे धरा. दोनशे साधनांना चार हजार मिनिटे, म्हणजे सुमारे ६७ तास. दर तिमाहीला तपासणी केली तर वर्षाला २६७ तास. समजा, वर्षाला पाचशे रुपये देणारी पन्नास माणसे मिळाली. पंचवीस हजार जमले. तासाला ९४ रुपये पडले, आणि गिऱ्हाईक शोधण्याचा वेळ यात धरलेलाच नाही.

त्याऐवजी दोनशेची तीस करा, आणि तीही एकाच धंद्यासाठी. कोचिंग क्लासवाले घ्या. फीची नोंद, हजेरी, पालकांना निरोप एवढेच त्यांना हवे. त्यांना साधनाच्या नावाशी घेणेदेणे नाही. मोबाइलवर चालते का? बिल डॉलरमध्ये येते का? उद्या सोडायचे झाले तर मुलांची माहिती एक्सेलमध्ये काढून मिळते का? शेवटचे कोणत्या तारखेला तपासले? हे चार रकाने नीट भरले तर तपासणी वर्षाला चाळीस तासांत उरकते, आणि तेवढ्याच पन्नास गिऱ्हाइकांत तासाला ६२५ रुपये पडतात. क्लासवाला ‘हे जोडूनही द्या’ म्हणाला, तर त्याचे पैसे वेगळे. मला वाटते खरा धंदा तिथेच आहे. ‘मेकरपॅड’ने हेच केले. साधने एकमेकांना जोडून काम कसे करून घ्यायचे, हे ते शिकवत. २०२१ मध्ये झॅपियर कंपनीने ते विकत घेतले.

पैसे कोणाकडून घ्यायचे, हा प्रश्न मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो. याहूची सुरुवात १९९४ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या संकेतस्थळांच्या यादीतून झाली. पुढे व्यापारी संकेतस्थळांना त्या यादीत येण्यासाठी वर्षाला २९९ डॉलर भरावे लागत. शोधयंत्रांपुढे ती यादी टिकली नाही, २०१४ मध्ये बंद झाली. साधने बनवणाऱ्या कंपन्याही गिऱ्हाईक पाठवणाऱ्याला कमिशन देतात. ते जरूर घ्यावे, पण नावाशेजारी तसे लिहावे आणि कमिशन जास्त म्हणून नाव वर चढवू नये. आपल्या स्मरणिकेत मिठाईवाल्याची पानभर जाहिरात असते. ती जाहिरात आहे हे सर्वांना दिसते, म्हणून कोणी मंडळाला दोष देत नाही. तीच लेख म्हणून छापली तर पुढच्या वर्षी वर्गणी मागायला कोणत्या तोंडाने जाल?

नोकरी सोडण्याबद्दल विचाराल, तर आज सोडू नये असेच मी म्हणेन. पीटर लेव्हल्स या डच तरुणाने २०१४ मध्ये, कुठूनही काम करणाऱ्यांसाठी राहण्याजोग्या शहरांची यादी एका साध्या स्प्रेडशीटमध्ये सुरू केली आणि ती सर्वांना भरायला दिली. संकेतस्थळ नंतर झाले, सभासदत्वाचे पैसे त्याच्याही नंतर. स्प्रेडशीट रात्रीच्या जेवणानंतरही भरता येते. दहा क्लासवाल्यांनी खिशातून पाचशे रुपये काढून दिले, की वडिलांपुढे तो हिशेब ठेवावा. तोवर घरात आवाज चढवू नये, दोन्ही बाजूंनी.

प्रसादानंतर मी मंडपाच्या मागे बसलेला असेन. आपापली यादी असेल त्यांनी ती घेऊन यावी, आकडे बरोबर बसून मांडू.

गणपती बाप्पा मोरया!