चमच्याच्या दांड्यामागचा सिंह

बाळाच्या उष्टावणाला कळंबच्या सराफाकडून चांदीची वाटी-चमचा घेताना आपण आधी वजन विचारतो. शिक्का बघणारे थोडेच. जुना इंग्रजी चमचा मात्र हातात येताच पालथा करावा. दांड्यामागे बारीक छापांची रांग असते. एक पंजा उचलून चालणारा सिंह म्हणजे हजारात 925 भाग चांदी. बिबट्याचं मुंडकं लंडनचं, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा. एकट्या अक्षरावरून वर्ष कळतं. राजा-राणीचा चेहरा असेल, तर ती बहुधा कर भरल्याची खूण, 1784 ते 1890 मधली. आणि ‘ईपीएनएस’ दिसलं, तर नुसता मुलामा! त्याला चांदीचा भाव कोण देणार?

चांदीच्या कसाचंच बोलायचं, तर आपल्या भागात पूर्वी निजामाचा हाली रुपया चालायचा. त्यात चांदी जेमतेम 82 टक्के, राणीछाप रुपयात जवळपास 92. नाणी आटवून दागिना घडवला, तर कसही तसाच उतरायचा.

आता भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्क चांदीलाही मिळतो. सक्ती नाही, पण 1 सप्टेंबर 2025 पासून त्यासोबत एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांक येतो. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो टाकून बघा, मगच पैसे मोजा.