रविवार कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'परदेशातील अनुभव' या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. लेकीच्या बाळंतपणासाठी चार महिने जर्मनीत राहून आलेल्या बाईने त्या देशाविषयी काय सांगावे? पण तिथल्या एका रविवारची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कारण ती ऐकायला जर्मनीची असली, तरी शेवटी आपल्याच घरात येऊन पोचते.

जाऊन दोनच दिवस झाले होते. रविवारी सकाळी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करायला घेतले, तर तुपाचा डबा रिकामा. मी जावयांना म्हटले, "कोपऱ्यावरून लोणी तेवढे आणून द्या, मी कढवते." ते हसून म्हणाले, "आई, आज रविवार. आज इथे दुकान उघडे मिळायचे नाही." मला नवलच वाटले. एवढा पुढारलेला देश, आणि रविवारी लोणी मिळू नये! बरे, तोवर सुंठ-वेलदोडे तरी कुटून ठेवावे म्हणून खलबत्ता घेऊन बसले, तो दार वाजले. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई आल्या होत्या. लेकीशी हळू आवाजात काही बोलल्या आणि गेल्या. लेक म्हणाली, "आई, कुटणे उद्या कर. रविवारी इथे शांतता पाळतात."

मला राग आला. घरात तान्हे मूल, आणि हिला दोन घाव ऐकवत नाहीत? कसला हा शेजारधर्म! पण दुपारी त्याच आजीबाई बाळंतिणीसाठी घरी केलेला केक घेऊन आल्या आणि तासभर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या. सकाळी मी त्यांच्यावर तुसडेपणाचा शिक्का मारून मोकळी झाले होते, त्याची मला लाज वाटली.

मग मी जावयांकडून सारे समजून घेतले. रविवार आणि सणवार हे विश्रांतीचे दिवस म्हणून राखले जातील, असे वचन जर्मनीच्या १९१९ सालच्या राज्यघटनेत होते. १९४९ च्या घटनेने ते तसेच पुढे चालू ठेवले. दुकाने केव्हा बंद करायची याचा कायदा १९५६ साली झाला. २००६ पासून हा अधिकार तिथल्या प्रांतांकडे गेला. बर्लिनने नाताळापूर्वीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले, तेव्हा चर्चसंस्थांनी न्यायालयाकडे धाव घेतली. २००९ साली घटना-न्यायालयाने निकाल दिला, की दुकानदाराचा गल्ला आणि गिऱ्हाइकाची खरेदीची हौस एवढी कारणे रविवार मोडायला पुरेशी नाहीत. रेल्वेस्टेशनातली दुकाने, पेट्रोलपंप, सकाळी काही वेळ पाववाले, अशा मोजक्यांनाच काय ती सवलत. आणि गंमत अशी, की या बाबतीत चर्च आणि कामगार संघटना खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात. एकीला प्रार्थनेचा वार हवा, दुसरीला विश्रांतीचा.

बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्याला हे कळले नाही तर काय होते? वॉलमार्ट ही अमेरिकेतली बलाढ्य कंपनी १९९७ साली जर्मनीत उतरली. अमेरिकेत रात्रंदिवस दुकान उघडे ठेवण्याची सवय. इथे ती चालेना. दारात हसून स्वागत करणारी माणसे ठेवली, तर ओळखदेख नसता हा हसतो कशाला, असे गिऱ्हाइकांना वाटे. सामान पिशवीत भरून द्यायला माणूस ठेवला, तर आमच्या वस्तूंना हा हात का लावतो, असे त्यांना होई. स्वस्त विकणारी तिथली दुकाने आधीच पाय रोवून होती, हे मोठे कारण होतेच. पण घरमालकाची रीत न विचारता स्वयंपाकघरात शिरलेल्या पाहुण्यासारखी तिची गत झाली. २००६ साली तिने तिथला गाशा गुंडाळला.

पण नेहमी व्यापारच नमतो असे नाही. इंग्लंडने १९९४ साली कायदा करून मोठ्या दुकानांना रविवारी सहा तास उघडायची मुभा दिली. संयुक्त अरब अमिरातीत सरकारी कचेऱ्यांची सुट्टी शुक्रवार-शनिवार असे. जगाच्या बाजाराशी जुळावे म्हणून २०२२ पासून ती शनिवार-रविवार झाली, आणि शुक्रवारी नमाजापुरता अर्धा दिवस मोकळा ठेवला. म्हणजे कोठे रीत व्यापाराला वळवते, कोठे व्यापार रीतीला. काय राखायचे आणि काय सोडायचे, हे त्या त्या समाजाने ठरवायचे असते.

आता आपल्याकडे या. आपला रविवार काही आकाशातून पडला नाही. मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत माणसे राबत, त्यांना आठवड्याची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी वर्षानुवर्षे झगडले. रविवार हा खंडोबाचा वार, तो आम्हांला मोकळा हवा, असे त्यांचे म्हणणे. जर्मनीत जो येशूचा, तोच आमच्या गिरणीत मल्हारीचा! १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे १० हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

भगिनींनो, त्या सुट्टीचा लाभ आपल्या घरातल्या कोणाकोणाला झाला? पुरुषांना झाला, मुलांना झाला. आपल्याला रविवारी दोन पदार्थ जास्त करावे लागतात, हे मी तुम्हांला सांगायला नको. पण माझी खरी शरम त्याहून वेगळी आहे. माझ्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई १४ वर्षे आल्या. रविवारी घरात माणसे जास्त, म्हणून त्या दिवशी भांडीही जास्त. त्या कधी आल्या नाहीत तर मी खाडा मांडी आणि महिन्याच्या पगारातून कापून घेई. परदेशातल्या कायद्याचे कौतुक करीत मी विमानातून उतरले, आणि दुसऱ्याच दिवशी दारात त्या उभ्या. रविवार होता!

तेव्हापासून आमच्या घरी रविवारी त्या येत नाहीत, आणि पगार पुरा मिळतो. भांडी आम्ही सगळे मिळून घासतो. पहिले दोन आठवडे घरात कुरकुर झाली, नाही असे नाही. आता नातू ताटे विसळतो आणि हे कढई घासतात. मलाही दुपारी तासभर पाठ टेकायला मिळते.

माझी मंडळाला एवढीच विनंती आहे. आपण सगळ्यांनी घरी जाऊन एक प्रश्न विचारावा: आपल्या घरात रविवार कोणाकोणाला मिळतो? ज्यांना मिळत नाही, त्यांच्यापासून सुरुवात करू या.